वधू-वर मेळाव्याच्या दारात ‘स्टेम सेल’चा स्टॉल नको

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
इंदुरात मराठी वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्या सर्व संस्था

स. न. वि. वि.

येत्या मेळाव्याची तयारी आपापल्या संस्थेत सुरू झाली असेल. हॉलचं बुकिंग, परिचय पुस्तिकेची छपाई, जेवणाचं कंत्राट, आणि हे सगळं भागवायला प्रायोजकांच्या दारी खेपा. माझी मागणी त्या प्रायोजकांबद्दलच आहे. केसांसाठी ‘स्टेम सेल थेरपी’, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी टोचण्याचा उपचार, विकणाऱ्या क्लिनिकांना यंदा स्टॉल देऊ नका, पुस्तिकेत त्यांची जाहिरात छापू नका आणि नोंदणीच्या पावतीबरोबर त्यांची सवलतीची कुपनं वाटू नका.

मी डॉक्टर नाही. रक्तपेढीत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. नोकरीची सगळी वर्षं रक्ताच्या पिशव्या, सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र) आणि प्लेटलेट यांच्यात गेली, त्यामुळे या स्टॉलवर जे विकलं जातं त्यातला निम्माअधिक माल मला लांबूनही ओळखता येतो.

मागच्या एका मेळाव्यात नोंदणीच्या टेबलाला लागूनच हा स्टॉल होता. पांढरा कोट घातलेली मुलगी येणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या टाळूवर छोटा कॅमेरा टेकवायची आणि शेजारच्या पडद्यावर त्याचीच टाळू पन्नासपट मोठी करून दाखवायची. एवढी मोठी केल्यावर कोणाची टाळू चांगली दिसते हो? मग ती म्हणायची, “अभी नहीं किया तो जड़ें मर जाएँगी.” ती डॉक्टर नव्हती, काउन्सेलर होती. समोरची मुलं पंचवीस-तिशीतली, हातात बायोडेटा, थोड्या वेळानं मुलीकडच्यांसमोर जाऊन बसायचं असलेली. घाबरायला तयार असलेलं गिऱ्हाईक एवढ्या संख्येनं एका छताखाली दुसरीकडे कुठे मिळणार? स्टॉलचं भाडं क्लिनिकनं हसत हसत दिलं असणार.

आपल्याकडे मुलाच्या केसांची चर्चा होते हे मी नाकारत नाही. ‘मुलगा चांगला आहे, सुपर कॉरिडॉरला नोकरी आहे, पण...’ आणि मग स्वतःच्या कपाळावरून मागे फिरवलेला हात. हे मी आमच्या सुदामा नगरातही पाहते आणि रामबागेतल्या नातेवाइकांकडेही. पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांचे केस या पद्धतीनं विरळ होतात. मुली पाहणाऱ्या मुलाच्या बापाकडे एकदा बघितलं तरी पुढचा थोडाफार अंदाज येतो. पण ती भीती खरी आहे, म्हणून तिच्यावर विकलेलं औषधही खरं ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. स्टेम सेलनं टकलावर केस येतात का? आज, पैसे मोजून, क्लिनिकमध्ये घेण्याजोगा असा सिद्ध उपचार नाही. संशोधन मात्र आहे, खरं आहे आणि मोठं मनोरंजक आहे. ते थोडं सांगते, कारण जाहिरातवाले त्यातलाच एखादा तुकडा उचलून फलकावर लावतात.

केसाच्या मुळाशी एका फुगीर भागात स्टेम सेल असतात, हे १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्ज कोत्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. केस गळून पुन्हा उगवतो तो याच पेशींच्या जोरावर. साहजिकच सगळ्यांना वाटलं की टक्कल पडतं तिथे या पेशी संपत असणार, आणून घातल्या की काम झालं. २०११ मध्ये त्याच कोत्सारेलिस यांच्या गटानं एकाच माणसाच्या डोक्यावरची टकलाची जागा आणि केसांची जागा दोन्ही तपासल्या. टकलाच्या जागीही स्टेम सेल जवळजवळ तेवढ्याच होत्या. कमी झाल्या होत्या त्या त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या टप्प्यातल्या पेशी. म्हणजे साठा शाबूत होता, अडलं होतं ते त्याचं काम सुरू होण्यापाशी. ‘तुमच्या डोक्यातल्या स्टेम सेल मेल्या, आम्ही नव्या भरतो’ असं जो सांगतो, त्याची पहिलीच ओळ चुकलेली असते.

हे काम अडवतो कोण? पुरुषी टकलात मुख्य हात डीएचटी या संप्रेरकाचा. टेस्टोस्टेरॉनपासून ते बनतं आणि कपाळावरच्या व टाळूवरच्या, आनुवंशिकतेनं नाजूक असलेल्या केसांच्या मुळांना दर फेरीत थोडं लहान करत जातं. केसाची वाढ वर्षानुवर्षं चालायची ती महिन्यांवर येते, जाड केसाची जागा लव घेते. मागच्या बाजूच्या केसांना त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, म्हणून आजोबांच्या डोक्यावर मागे झालर शिल्लक राहते. बोरिंगच्या पाण्याचा यात हात नाही. इंदुरात नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं आणि त्यानंतरही इंदूरकरांना टक्कल पडतच राहिलं.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे मुळाच्या तळाशी असलेला पेशींचा एक पुंजका, डर्मल पॅपिला. केस उगवायचा हुकूम तिथून सुटतो. या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या की संख्येनं वाढतात, पण केस उगवायची विद्या विसरतात. इंग्लंडमधल्या डरम विद्यापीठाचे कॉलिन जहोदा आणि न्यूयॉर्कच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटानं २०१३ मध्ये या पेशी सपाट बशीत न वाढवता उलट्या टांगलेल्या थेंबांत, गोळ्याच्या आकारात वाढवल्या. विसरलेलं त्यांना काही अंशी आठवलं आणि सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी केस उगवले. कुठे, तर उंदराच्या पाठीवर लावलेल्या माणसाच्या कातडीच्या तुकड्यात. जपानमध्ये शिसेइदो कंपनीच्या सहभागानं थेट माणसांवर चाचणी झाली. डोक्याच्या मागच्या केसांच्या मुळातल्या पेशी काढून, वाढवून विरळ जागी टोचल्या. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले: सहा ते नऊ महिन्यांनी केसांची दाटी थोडी वाढली. थोडी, म्हणजे आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला जेवढी हवी असते तेवढी नव्हे. आणि ही चाचणी जगातल्या मोठ्या प्रसाधन कंपन्यांपैकी एकीनं, विद्यापीठातल्या रुग्णालयांना हाताशी धरून केलेली. तिथे एवढं करूनही फळ इतकंच मिळालं असताना आपल्या एबी रोडवर दुसऱ्या मजल्यावरच्या क्लिनिकनं पुढचा पल्ला कसा गाठला, हे मला तरी कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मग तिथे टोचतात तरी काय?

माझ्या नात्यातला एक मुलगा अशाच मेळाव्यातून कुपन घेऊन गेला आणि हप्त्यांवर पॅकेज घेऊन बसला. फाइल दाखवायला माझ्याकडे आला तेव्हा एक सिटिंग उरलं होतं. पावतीवर ठळक अक्षरांत ‘स्टेम सेल हेअर थेरपी’. आत बारीक अक्षरांतल्या संमतीपत्रावर मात्र प्लेटलेट. प्रक्रिया त्यानं सांगितली: दंडातून रक्त घेतलं, गरगर फिरवलं, वरचं पिवळं पाणी सुईनं टाळूत टोचलं. अहो, हे तर पीआरपी! प्लेटलेट जास्त असलेला प्लाझ्मा. आम्ही रक्तपेढीत प्लेटलेट वेगळ्या काढायचो ते याच तत्त्वावर. त्यात केसाची स्टेम सेल नसते. रक्तात फिरणाऱ्या थोड्याशा स्टेम सेल असतात त्या रक्त तयार करणाऱ्या, आणि त्या पुरेशा मिळवायच्या तर दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन त्या अस्थिमज्जेतून रक्तात आणाव्या लागतात, मग काही तास यंत्राला जोडून गोळा कराव्या लागतात. टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजमध्ये चहा होईपर्यंत त्या निघत नाहीत.

पीआरपी पूर्ण थोतांड आहे असंही मी म्हणणार नाही. काही अभ्यासांत केसांची दाटी थोडीफार वाढलेली दिसते, काहींत दिसत नाही. किती वेळा फिरवायचं, किती वेगानं, किती टोचायचं, याचं एकच प्रमाण ठरलेलं नाही. डॉक्टरनं हे सगळं सांगून, पीआरपी म्हणूनच दिलं तर माझी तक्रार नाही. त्याच नळीवर स्टेम सेलची चिठ्ठी चिकटवून भाव वाढवला जातो, तक्रार त्याबद्दल आहे.

त्या मुलाच्या फाइलमध्ये आणखी एक गंमत होती. पॅकेजबरोबर मिनॉक्सिडिलची बाटली आणि फिनास्टेराइडच्या गोळ्या ‘सपोर्ट’ म्हणून दिल्या होत्या. त्याचे केस खरोखर थोडे सुधारले. श्रेय अर्थातच सुयांना! मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावायच्या द्रावणाच्या रूपात आलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये मिळाली. ती डीएचटी बनणंच कमी करते. दोन्ही औषधं आपल्याकडे कोणत्याही मोठ्या मेडिकलवर मिळतात आणि स्टेम सेलच्या पॅकेजपुढे त्यांचा खर्च किरकोळ आहे. त्यांनाही मर्यादा आहेत. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, सुरुवातीला उलट गळती वाढल्यासारखी वाटते, आणि औषध सोडलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. फिनास्टेराइडनं काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ते डॉक्टरशी बोलूनच घ्यायचं. घरात गर्भवती असेल तर तिनं फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही. पण ‘सपोर्ट’ म्हणून दिलेली औषधंच मुख्य काम करत असतील, तर सुयांचे हप्ते कशाचे?

पीआरपी सोडून आणखी दोन प्रकार दिसतात. एकात कानामागच्या त्वचेचे बारीक तुकडे काढून, ते दळून, त्याचं पाणी टोचतात. कुठे पोटाच्या चरबीतून तसलंच काही काढतात. यावरचे अभ्यास छोटे आहेत, थोड्या लोकांवरचे, थोड्या महिन्यांचे. दुसऱ्यात बाहेरून आलेल्या कुपीतलं ‘एक्सोसोम’ टोचतात. पेशींनी बाहेर टाकलेल्या या सूक्ष्म पुड्या. त्यांत पेशीच नसते, मग स्टेम सेल कुठून असणार? अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, उलट २०१९ मध्ये लोकांना त्याबद्दल सावध केलं. आणि शाम्पूच्या बाटलीवर सफरचंदाच्या स्टेम सेल लिहिलेल्या असतात त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. सफरचंदाला केस नसतात, एवढं पुरे.

“पण तुमचंच रक्त, तुमच्याच पेशी, धोका काय?” हे वाक्य त्या स्टॉलवर मी स्वतः ऐकलं. रक्तपेढीत काम केलेल्या माणसाच्या अंगावर या वाक्यानं काटा येतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःच्याच रक्ताचं पीआरपी चेहऱ्यावर करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. रक्त स्वतःचं होतं, सुया आणि नळ्यांची शिस्त नव्हती. फ्लोरिडात तीन वयस्क बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल’ टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली, ही २०१७ ची हकीकत. टाळू म्हणजे डोळा नव्हे, मान्य. पण ‘स्वतःच्या पेशी’ हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नाही.

आता संस्थांच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट, कारण मंचावर वकील मंडळीही असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची स्टेम सेलविषयीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची आहेत. त्यांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण तेवढं मान्य उपचार आहे. बाकी सगळं प्रायोगिक, आणि ते मंजूर चाचणीतच करायचं. चाचणी असेल तर ती देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असते, आणि भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन ‘नवं औषध’ धरलेलं आहे, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि १९४५ च्या औषध नियमांना जोडलेल्या ‘जे’ अनुसूचीत, ज्या विकारांवर बरं करण्याचा दावा कोणत्याही औषधानं करू नये अशा यादीत, टक्कल आहे. कर्करोग, अंधत्व यांच्या पंगतीत. ‘आजीवन केसांची हमी’ अशी जाहिरात आपण परिचय पुस्तिकेत शुभाशीर्वादाच्या पानासमोर छापतो, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

मला उत्तरही ठाऊक आहे. ‘जाहिरातीतील मजकुराशी संस्था सहमत असेलच असे नाही’, ही ओळ शेवटच्या पानावर असते. असू दे. मुलाचे आईवडील ती ओळ वाचत नाहीत, ते संस्थेचं नाव वाचतात. इंदुरातला मराठी माणूस नव्या डॉक्टरकडे जाण्याआधी ‘आपल्यातलं कोण गेलंय?’ असं विचारतो. तुमच्या मांडवात स्टॉल लागला की त्या प्रश्नाचं उत्तर क्लिनिकला फुकट मिळतं. पैशांची ओढाताण मला कळते. नोंदणी शुल्क वाढवलं की ओरड होते आणि हॉलवाले दर वर्षी भाव वाढवतात. पण मिठाईवाले आहेत, साडीवाले आहेत, बँका आहेत, फोटोग्राफर तर रांग लावून उभे असतात. मेळाव्याला साजेसे प्रायोजक कमी नाहीत.

केसांचा विषय मेळाव्यात ठेवायचाच असेल तर आपल्या सरकारी एमवाय रुग्णालयाच्या किंवा शहरातल्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला अर्ध्या तासासाठी बोलवा, काही न विकण्याच्या अटीवर. ते सांगतील की टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. मुलींच्या बाबतीत आधी हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड बघायचं. चाई पडते तो वेगळाच आजार, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, आणि त्याच्या तीव्र प्रकारासाठी अमेरिकेत २०२२ पासून गोळीला मान्यता मिळालेली आहे. केसांचं रोपण करायचं तर मागचे केस काढून पुढे लावले जातात, नवे तयार होत नाहीत, आणि ते प्रशिक्षित डॉक्टरकडूनच करून घ्यायचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये लिहून कळवावं लागलं की यूट्यूब बघून घेतलेलं शिक्षण यासाठी पुरेसं नाही. एवढं मुलांनी ऐकलं तरी कुपनाची गरज उरणार नाही.

आणि स्टेम सेलचा स्टॉल लावायचाच असेल तर माझ्याकडे एक खराखुरा पर्याय आहे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या मुलांना अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण लागतं, आणि ते आपल्याच एमवायमध्ये झालेलं आहे. रक्तकर्करोगाच्या कित्येक रुग्णांनाही स्टेम सेल दाता लागतो. भावंडांत जुळला नाही तर बाहेरचा शोधावा लागतो आणि भारतीय दात्यांची नोंद गरजेच्या मानानं फार कमी आहे. इथेही गुणमेलनच असतं, फक्त छत्तीस गुणांचं नाही, ऊतींच्या प्रकारांचं, आणि अठरावर भागत नाही. ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्था गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना घेतात. दोन मिनिटांचं काम, सुई नाही. वय हवं १८ ते ५०, प्रकृती चांगली. असे शेकडो तरुण एका दिवशी, एका हॉलमध्ये, नाव-पत्ता-रक्तगटाच्या फॉर्मसकट तुमच्याइतके कोणाकडे येतात?

नोंदणीच्या टेबलाशेजारची ती जागा या कामाला द्या. फॉर्म भरून घ्यायला आणि समजावून सांगायला मी दिवसभर बसेन, रक्तपेढीतल्या माझ्या दोन जुन्या सहकारी मैत्रिणीही यायला तयार आहेत. नोंदणी संस्थेशी बोलून घ्यायला वेळ लागतो, म्हणून मेळाव्याची तारीख ठरली की पुस्तिका छापायला जाण्याआधी कळवावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ
सुदामा नगर, इंदूर